भिंतीआडचे मासे, भिंतीबाहेरचे पाणी

‘बंदिस्त’ या शब्दाला गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्या किनारपट्टीवर मोठी प्रतिष्ठा प्राप्त झाली आहे. बंदिस्त शेड, बंदिस्त टाक्या, बंदिस्त पाणी आणि त्या पाण्यात वाढणारे मासे. जमिनीवर, छपराखाली, समुद्राशी कोणताही संबंध न ठेवता मासे वाढवण्याची ही पद्धती ‘पुनर्चक्रीय मत्स्यपालन’ या भारदस्त नावाने कागदोपत्री ओळखली जाते; सल्लागार मंडळी तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आर.ए.एस.’ म्हणतात. आपल्या धर्मग्रामांतील सुशिक्षित तरुण वाडीचा एक तुकडा, आईचे दागिने आणि बँकेचे कर्ज एवढ्या भांडवलावर या व्यवसायात उतरू पाहत आहेत. त्यांपैकी काहीजण शिफारसपत्रासाठी धर्मगुरूच्या दारी येतात, तेव्हा त्यांच्या हातातील प्रकल्प अहवाल वाचावयास मिळतो. अशा अहवालांत एक वाक्य हटकून आढळते : ‘ही पद्धती बंदिस्त असल्यामुळे तिच्यापासून प्रदूषण होत नाही.’ प्रस्तुत लेखाचा वाद या एका वाक्याशी आहे.

वाद पद्धतीशी नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. कोळंबीच्या तळ्यांसाठी ठिकठिकाणी खारफुटी तोडली गेली; येथे ती तोडावी लागत नाही. समुद्रातील पिंजऱ्यांतून मासे निसटतात, त्यांचे रोग आणि परोपजीवी बाहेरच्या माशांना जडतात. चार भिंतींच्या आड हा धोका पुष्कळच कमी होतो. तळ्यात जे पीक घेण्यास एकरामागून एकर लागतील ते येथे काही गुंठ्यांत निघते. आणि जाळ्यात येणारी मासळी घटत चालली आहे की नाही, हे पाचूबंदर, अर्नाळा वा उत्तनच्या कोणत्याही कोळी कुटुंबाला विचारावे. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. मासा दुर्मीळ झाल्यावर त्याला मान मिळावा, हे आपल्या एकंदर रीतीला धरूनच झाले! तेव्हा जमिनीवर मासे वाढवण्याचा मार्ग कोणी शोधत असेल तर त्याला नाके मुरडण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु मार्ग चांगला असला म्हणून त्यावरून चालणाऱ्याने डोळे मिटून चालावे असे होत नाही.

प्रथम हे यंत्र चालते कसे ते पाहू. टाकीतला मासा खातो, विष्ठा टाकतो आणि कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. हा अमोनिया त्याला स्वतःलाच विष आहे. म्हणून पाणी सतत फिरते ठेवावे लागते. ते आधी फिरत्या पिंपाच्या बारीक जाळीतून जाते. तेथे घन मळ वेगळा होतो. मग ते जैविक गाळणीत शिरते. तेथे प्लास्टिकच्या असंख्य बारीक चकत्यांवर जिवाणू वाढवलेले असतात. हे जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये आणि नंतर नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पुढे त्या पाण्यातील कर्बवायू उडवून लावावयाचा, त्यात प्राणवायू मिसळावयाचा, काही ठिकाणी ते अतिनील किरणांखालून न्यावयाचे आणि पुन्हा टाकीत सोडावयाचे. विज्ञानाची ही करामत खरोखर कौतुकास्पद आहे. मात्र वाचकांनी ‘रूपांतर’ या शब्दापाशी क्षणभर थांबावे. नत्र नाहीसे होत नाही. ते अधिक विषारी रूपातून कमी विषारी रूपात जाते, इतकेच. ते खरोखर पाण्याबाहेर काढावयाचे तर आणखी एक टप्पा लागतो. त्यात प्राणवायूविना जगणारे जिवाणू नायट्रेटचा वायू करून हवेत सोडतात. हा टप्पा खर्चिक आहे आणि माझ्या हाती आलेल्या अहवालांत तो नव्हता.

मग ते नत्र जाते कोठे? यासाठी शास्त्रज्ञ असण्याची आवश्यकता नाही. शाळेतील त्रैराशिक पुरे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेच्या मार्गदर्शिकेत मोठ्या आर.ए.एस. केंद्राचा नमुना दिलेला होता : प्रत्येकी किमान ९० घनमीटरांच्या आठ टाक्या, एका पिकात ४० टन मासे, खर्च ५० लाख रुपये. त्यावर सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. आता एक किलो मासा वाढवण्यास दीड किलो खाद्य धरले, तर ४० टनांना ६० टन खाद्य लागेल. त्या खाद्यात ३० टक्के प्रथिने धरली, आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नत्र असते, तर जवळजवळ २,९०० किलो नत्र गोण्यांतून शेडमध्ये शिरते. माशांच्या अंगी त्यातले अकराशे किलोच्या आसपास लागते आणि ते बाजारात जाते. उरलेले सुमारे पावणेदोन टन नत्र शेडमध्ये मागे राहते. काही गाळात, बरेचसे पाण्यात. माणसाच्या मलमूत्रातून वर्षाला साधारण चार किलो नत्र बाहेर पडते. म्हणजे एका पिकामागे चारशेहून अधिक माणसांच्या वस्तीची वर्षभराची घाण या ‘प्रदूषणमुक्त’ शेडमध्ये साठते. आपल्या गावात कोणी चारशे माणसांची इमारत बांधू लागला तर आपण त्याच्याकडे सेप्टिक टँकचा नकाशा मागतो. आठ टाक्यांच्या शेडकडे तो कोणी मागत नाही. कारण ती बंदिस्त!

याच अहवालांतील दुसरे लाडके विधान म्हणजे ‘९९ टक्के पाणी पुन्हा वापरले जाते.’ कशाचे ९९ टक्के? पुष्कळदा ही टक्केवारी टाकीतील पाण्यावर काढलेली नसते. पंपातून फिरणाऱ्या पाण्यावर काढलेली असते. आठ टाक्यांत मिळून ७ लाख २० हजार लिटर पाणी मावते. ते तासाला एकदा फिरवले तर दिवसभरात पंपातून १ कोटी ७२ लाख लिटर पाणी जाते. त्याचा उरलेला एक टक्का म्हणजे १ लाख ७२ हजार लिटर, दहा हजारी टँकरांच्या भाषेत सतरा टँकर, दररोज! ९९ टक्क्यांची ही बढाई अशा रीतीने अक्षरशः खरी असूनही दिवसाकाठी टाकीतील जवळजवळ चौथा हिस्सा पाणी बाहेर जाऊ शकते. उत्तम चालवलेले केंद्र यापेक्षा कितीतरी कमी पाण्यात भागवते, हे मान्य. टाकीच्या केवळ पाच टक्के पाणी रोज बदलले तरी ३६ हजार लिटर होतात, साडेतीन टँकर. शिवाय अशा टाक्यांतील माशांना जिओस्मिन नावाच्या द्रव्यामुळे मातकट चव येते. ती घालवण्यासाठी विक्रीपूर्वी काही दिवस मासे उपाशी ठेवून स्वच्छ वाहत्या पाण्यात सोडावे लागतात. ते पाणी जाहिरातीच्या हिशेबात बहुधा धरलेले नसते.

टँकर हा शब्द वसईकरांच्या कानी पडला की जुन्या आठवणी जाग्या होतात. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईच्या चळवळीतील त्यांचे सहकारी ज्या प्रश्नांसाठी रस्त्यावर उतरले, त्यांत विहिरी उपसून टँकरने चाललेली पाण्याची विक्री हा एक होता. ती लढाई हौसेची नव्हती. आपल्या किनारी पट्ट्यातील गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगणाऱ्या सायीसारखे असते. भूजलशास्त्राचा जुना नियम असा की, समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडे पाणी उभे असेल तर सपाटीखाली ढोबळमानाने चाळीस फुटांपर्यंत गोडे पाणी मिळते. उलट वाचले तर अर्थ असा होतो : उपसा करून वरची पातळी एका फुटाने कायमची खाली आणली, तर खालचे खारे पाणी चाळीस फुटांनी वर सरकू पाहते. आपल्या पूर्वजांना हा नियम कोणी शिकवला नव्हता, तरी वाडीवाडीत त्यांनी बावखले खोदली. पावसाचे पाणी त्यांत साठे, मुरे आणि शेजारच्या विहिरी उन्हाळ्यात गोड राहत. ती बावखले आपण भरून टाकली आणि त्यांवर बंगले उभारले. आता उरलेल्या वाडीत बोअरवेल खणून बारमाही पाणी ओढणारी शेड उभारावयाची, तर शेजाऱ्याच्या विहिरीचे काय होईल, हा प्रश्न ‘विकासविरोधी’ कसा ठरतो?

पाणी ओढण्याहून सोडण्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. टाक्यांतील पाण्यात नायट्रेटचे प्रमाण लिटरला शेकडो मिलिग्रॅमपर्यंत चढू शकते; पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ती मर्यादा ओलांडलेले पाणी बाटलीतून दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या दुधात गेले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि मूल निळे पडते. शेडमागे शोषखड्डा खणून हे पाणी वाळूमिश्रित जमिनीत मुरवणे म्हणजे ते शेजाऱ्याच्या विहिरीकडे रवाना करणे होय. जिताड्यासारखा मासा कोणी खाऱ्या पाण्यात वाढवू म्हणेल तर संकट दुहेरी. नत्राबरोबर मीठही जमिनीत उतरेल, आणि टाक्यांतून निघणारा खारा गाळ केळीच्या वाफ्यात खत म्हणून घालता येणार नाही. गोड्या पाण्यातील गाळाचे खत होऊ शकते. पानवेलीला आणि फुलझाडांना ते हवेच आहे. पण त्यासाठी गाळ साठवण्याची, वाळवण्याची आणि मोजून वापरण्याची सोय आराखड्यात आधी दाखवावी लागेल.

येथे कोणी म्हणेल, ‘फादर, कायदे आहेत, अधिकारी आहेत, आपण कशाला काळजी करता?’ कायद्याचा इतिहास पाहिला तर ही काळजी अनाठायी वाटणार नाही. १९९०च्या सुमारास आंध्र आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या तळ्यांची लाट आली. तीही ‘नीलक्रांती’ होती, तिलाही अनुदाने होती, आणि तिच्यापासूनही कोणाला अपाय नव्हता. काही वर्षांतच भातखाचरे खारावली, विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही, मच्छीमारांच्या समुद्राकडे जाणाऱ्या वाटा तळ्यांच्या बांधांनी अडवल्या. आणि १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने कोळंबीही मारली. तमिळनाडूचे वृद्ध गांधीवादी एस. जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. मच्छीमारांच्या राष्ट्रीय संघटनेचे नेतृत्व करणारे केरळचे रेदेम्प्तोरिस्त धर्मगुरू टॉम कोचेरी, ज्यांनी १९९५ साली परदेशी जहाजांच्या परवान्यांविरुद्ध पोरबंदरला उपोषण केले होते, त्यांची संघटनाही या तळ्यांविरुद्ध उभी राहिली. नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने पाहणी केली आणि तळ्यांच्या मिळकतीपेक्षा त्यांनी केलेले नुकसान मोठे आहे असा हिशेब न्यायालयापुढे ठेवला. ११ डिसेंबर १९९६ रोजी न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या खंडपीठाने किनारा नियमन क्षेत्रातील, पारंपरिक पद्धतीची वगळता, सर्व कोळंबीची तळी ३१ मार्च १९९७ पर्यंत काढून टाकण्याचा आदेश दिला.

ती तारीख आली आणि गेली. पुनर्विचारासाठी अर्ज झाले, आणि २००५ साली संसदेने किनारी मत्स्यपालन प्राधिकरणाचा कायदा करून नियमन क्षेत्राची ती बंदीच किनारी मत्स्यपालनाला लागू राहणार नाही अशी तरतूद केली. या कायद्याने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोंदणी आली, भरतीरेषेपासून २०० मीटरांची मर्यादा आली. पण त्याची व्याख्या पाहा. किनारी मत्स्यपालन म्हणजे खाऱ्या वा निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यपालन. गोड्या पाण्यातील मत्स्यपालन व्याख्येतूनच वगळलेले. म्हणजे शेडमध्ये तिलापिया वा पंगस वाढवणारा, तो भरतीरेषेच्या कितीही जवळ असो, या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहिला. त्याच कायद्याखालील त्या वेळच्या मार्गदर्शक सूचनांत सांडपाणी शुद्ध करण्याची व्यवस्था पाच हेक्टर व त्याहून मोठ्या शेतांना सक्तीची होती. मोजमाप हेक्टरांत! तळ्यांच्या काळात ते योग्यही होते. परंतु आठ टाक्यांचे पाणी दीड मीटर खोलीच्या हिशेबाने पाच गुंठ्यांहून कमी जागेत मावते, आणि पाच हेक्टर म्हणजे पाचशे गुंठे. जी पद्धती कमी जागेत जास्त मासे वाढवते म्हणून गौरवली जाते, तिला जागेच्या पट्टीने मोजावयाचे ठरवले, तर ती प्रत्येक नियमाच्या खालून सहज निसटणार. हत्तीला उंचीऐवजी शेपटीच्या जाडीने मोजण्यासारखा हा प्रकार आहे.

पुढची पावलेही सैलावण्याच्याच दिशेने पडली. २०२३ च्या दुरुस्तीने किनारी मत्स्यपालनाच्या कायद्यातील तुरुंगवासाची शिक्षा जाऊन तिच्या जागी दंड आला, आणि बीजोत्पादन केंद्रांसारख्या काही उपक्रमांना भरतीरेषेच्या अधिक जवळ वाव मिळाला. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा देण्याचा निर्णय घेतला. कोळी बांधवांची ही मागणी जुनी होती आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. तथापि जी शेड चोवीस तास मोटारीवर, ब्लोअरवर आणि जनरेटरवर चालते ती सवलतींसाठी शेत आणि चालण्याच्या रीतीने कारखाना आहे, हे विसरून चालणार नाही. कारखान्याने सांडपाणी सोडण्यापूर्वी मंडळाची संमती घ्यावी असे १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा सांगतो. शेतीच्या नावाखाली ही संमती मागे पडणार नाही, एवढी स्पष्टता शासनाने लेखी द्यावयास हवी.

यावर उपाय नाही असे मात्र नाही. डेन्मार्क हा देश गोड्या पाण्यातील ट्राउट माशांच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहे. ओढ्यांचे पाणी बिघडू लागले तेव्हा त्या देशाने १९८९ साली नियम केला आणि मत्स्यशेतांना खाद्याचा कोटा ठरवून दिला. तळ्याचे क्षेत्रफळ किती, हा प्रश्न त्यांनी मुख्य मानला नाही. वर्षाला खाद्य किती टन घालणार, हे विचारले. जे आत जाते तेच बाहेर येणार, हे साधे तत्त्व. पुढे त्यांनी बाहेर पडणाऱ्या नत्राचे प्रत्यक्ष मोजमाप हाच नियमनाचा आधार करण्याकडे मोर्चा वळवला. पाणी फिरवून वापरणारी त्यांची नवी शेते आपले पाणी वनस्पतींनी भरलेल्या पाणथळ खाचरांतून नेऊन मगच ओढ्यात सोडतात. त्या खाचरांना आपल्या भाषेत काय म्हणावे? मला तर ती बावखलांची दूरची भावंडे वाटतात. डेन्मार्कचा मत्स्यशेतकरी या नियमांनी मेला नाही. कमी खाद्यात जास्त मासा कसा वाढवावा हे तो शिकला.

मोठ्या भांडवलाच्या कथाही आपल्या तरुणांनी वाचाव्यात. अमेरिकेतील मेन राज्यात बेलफास्ट या किनारी गावी नॉर्डिक अ‍ॅक्वाफार्म्स या कंपनीने २०१८ साली वर्षाला सुमारे ३३ हजार टन सॅमन वाढवणाऱ्या बंदिस्त केंद्राची घोषणा केली. रोज सुमारे २ कोटी ९० लाख लिटर प्रक्रिया केलेले पाणी नळाने पेनॉबस्कॉट उपसागरात सोडले जाणार होते. गावकऱ्यांनी आणि शेवंडी पकडणाऱ्या मच्छीमारांनी विचारले, नळ कोणाच्या चिखलातून जाणार? त्या परिसरातील तळाच्या गाळात एका जुन्या रासायनिक कारखान्याने सोडलेला पारा होता. तो ढवळला गेला तर काय, ही भीती होती. राज्याने २०२० साली परवाने दिले, तरी भरती-ओहोटीच्या पट्ट्याची मालकी हा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०२३ साली निकाल कंपनीच्या विरुद्ध लागला आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनीने प्रकल्प सोडून दिला. याउलट फ्लोरिडातील होमस्टेड येथे अटलांटिक सॅफायर कंपनीचे केंद्र उभे राहिले. ते आपले सांडपाणी जमिनीखाली सुमारे ९०० मीटर खोल खडकाच्या थरात सोडते. तो थर फ्लोरिडाला निसर्गाने दिला आहे. वसई-पालघरच्या वाडीत तो कोणी शोधू नये. एवढ्या भांडवलाच्या, तज्ज्ञांनी भरलेल्या त्या केंद्रात मार्च २०२१ मध्ये सुमारे ५०० टन मासे मेले. त्याच वर्षी सप्टेंबरात कंपनीचे डेन्मार्कमधील केंद्र आगीत भस्मसात झाले.

या मृत्यूंकडे आपल्याकडील अहवाल पूर्ण दुर्लक्ष करतात. हजार लिटर पाण्यात ५५ किलो मासे कोंबले असता वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, तर प्राणवायू संपण्यास फार वेळ लागत नाही. तासाभरात टाकीवर पांढरी पोटे तरंगू लागतात. पावसाळ्यात आपल्याकडील विजेचा लपंडाव सर्वांच्या परिचयाचा आहे. मेलेले ४० टन मासे रातोरात कोठे नेणार? खाडीत? नाल्यात? की वाडीच्या टोकाला खड्डा करून, पुन्हा कोणाच्या तरी विहिरीजवळ? आर्थिक नुकसान त्या तरुणाचे आणि बँकेचे होईल. दुर्गंधी व रोगराई साऱ्या गावाची.

बीजाविषयी थोडक्यात. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया, आपल्याकडचा ‘चिलापी’, आज जलाशयाजलाशयांत पसरून स्थानिक माशांना मागे सारून बसला आहे. आफ्रिकन मागूर, ज्याला बाजारात ‘थाई मागूर’ म्हणतात, त्याच्यावर २००० सालापासून देशात बंदी असूनही ठाणे-पालघरच्या परिसरात तो सडक्या मांसावर चोरून वाढवला गेला, आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर शासनाला तो टनावारी नष्ट करावा लागला. शेड बंदिस्त असली तरी तिच्या गटाराच्या तोंडाला जाळी नसेल, तर अंडी आणि पिल्ले चालत नव्हे, पोहत बाहेर येतात.

‘शेडमधील माशांमुळे समुद्रावरचा ताण कमी होईल’ हा युक्तिवाद तर अर्धाच खरा आहे. तिलापिया बहुतांशी वनस्पतिजन्य खाद्यावर वाढतो, त्याच्यापुरता तो मान्य करू. पण जिताडा मांसाहारी. त्याच्या खाद्यातील मासळीची भुकटी समुद्रातूनच येते. पश्चिम किनाऱ्यावर तारलीसारखी गरिबाच्या ताटातली मासळी पर्ससीनच्या जाळ्यांनी ओढून भुकटीच्या कारखान्यांत जाते. कोळणीच्या टोपलीतील स्वस्त मासा दळून श्रीमंताच्या ताटातील महाग मासा तयार करणे, याला समुद्र वाचवणे म्हणत नाहीत.

‘अटी घातल्या तर लहान माणूस मरेल, मोठा तेवढा टिकेल’, हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो मी हलका लेखत नाही. परंतु लहान माणूस दोन बाजूंना आहे, हे आक्षेप घेणारे विसरतात. शेड घालणारा तरुण लहान आहे. तसेच शेजारच्या वाडीत विहिरीवर मोगरा आणि केळी करणारी विधवाही लहान आहे. एकाचे संरक्षण दुसरीच्या विहिरीतून वसूल करणे कोणत्या न्यायात बसते? शासन पन्नास लाखांच्या प्रकल्पावर वीस लाखांचे अनुदान टाक्यांसाठी आणि पंपांसाठी देऊ शकत असेल, तर त्यातील काही भाग सांडपाण्याच्या खाचरासाठी, गाळाच्या कुंडासाठी आणि दुसऱ्या जनरेटरसाठी राखून ठेवणे अशक्य नाही. ते काम पूर्ण झाल्याचे पाहूनच अनुदानाचा शेवटचा हप्ता द्यावा. यात लहान माणसाचा एक रुपयाही अधिक जात नाही.

धर्मगुरूंनी पाण्यात आणि माशांत कशाला पडावे, असेही काहींचे म्हणणे असते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या पत्रात पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास प्रकल्प ठरून गेल्यानंतर नव्हे, तर प्रारंभापासून, उघडपणे आणि आर्थिक वा राजकीय दडपणाविना व्हावा, असे स्पष्ट सांगून ठेवले आहे. ते पत्र आपल्या देवळांच्या ग्रंथपेट्यांत आहे. ते वाचून झाल्यावरही हा प्रश्न शिल्लक राहत असेल तर त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही.

म्हणून शिफारसपत्रासाठी येणाऱ्या तरुणांना मी सध्या एक कागद देतो. त्यावर चार रकाने आहेत. पाणी कोठून घेणार आणि रोज किती. वर्षाला खाद्य किती टन घालणार. वापरलेले पाणी व गाळ कोठे जाणार. आणि सारे मासे एका रात्रीत मेले तर ते कोठे नेणार. सोबत चहूबाजूंच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी, शेड उभी राहण्यापूर्वीची एक आणि नंतर दर वर्षी पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर अशी, शेजाऱ्यांना दाखवण्याचे लेखी वचन. ग्रामसभा असेल तेथे हा कागद ग्रामसभेपुढे वाचला जावा. महापालिकेच्या हद्दीत धर्मग्रामाच्या सभेपुढे तरी वाचला जावा. रकाने भरून आणणाऱ्याला पत्र त्याच दिवशी मिळते. पहिल्या रकान्यात ‘बोअरवेल’ एवढा एकच शब्द लिहिलेले कागद मी परत पाठवले आहेत. बोअरची खोली, शेजारच्या विहिरींचे अंतर आणि मे महिन्यातील त्यांची पातळी टेपने मोजून लिहून आणावी, असे त्या तरुणांना सांगितले आहे.